गाडीविना वजन

मार्केट यार्डाच्या मागच्या फाटकाशी साठ टनी भुईकाटा आहे.
त्याच्या केबिनमध्ये काट्याचा जुना कॉम्प्युटर पडून असतो.
दिवसा मी काटे दुरुस्त करते.
रात्री त्या कॉम्प्युटरवर अंकली चालवते.

अंकली म्हणजे पुलापलीकडचं गाव नव्हे,
गावावरून नाव ठेवलेली ऑपरेटिंग सिस्टिम,
मीच लिहितेय, अजून रांगतसुद्धा नाही,
आणि अख्ख्या सांगलीत ती वापरणारं माणूस एकच,
तेही वैतागलेलं.

तिला बोलता येतं एवढं ठाऊक होतं.
मागच्या महिन्यापर्यंत पडद्यावर बोलायची,
पांढरी अक्षरं, ओळीखाली ओळ,
मेमरी किती सापडली, घड्याळ लागलं का.
मग मी म्हटलं, पडदा चित्रांसाठी मोकळा ठेवू,
बोलणं मागच्या सिरियल पोर्टातून काढू
आणि वायरीनं माझ्या लॅपटॉपवर आणू.
पाटाचं पाणी वळवतात तसं. एवढं साधं.

पाणी वळवलं आणि सरीत थेंब नाही.

लॅपटॉपवर कर्सर नुसता लुकलुकत राहिला.
वेग बदलून पाहिला, शहाण्णवशेचा एक लाख पंधरा हजार,
पुन्हा शहाण्णवशेवर आले.
वायर बदलली. सोल्डर नवं केलं.
पिनांवर हळदीची पूड बसली होती ती स्पिरिटनं पुसली,
आमच्याकडं यंत्रं आजारी पडतात ती पिवळी होऊनच.
शेवटी सगळे करतात तेच केलं,
दर टप्प्यानंतर एक आकडा छापायला सांगितला.
इथं १. इथं २. इथं ३.
विहिरीत उतरणाऱ्यानं पायरीगणिक ओ द्यावी, तसं.
ओ आली नाही.
चार रात्री.

पाचव्या दिवशी सकाळी जिनगोंडा आण्णा,
फाटकावरचे वॉचमन, चहाचा ग्लास हातात तसाच धरून आले.
"ताई, काटा बघा जरा. बिघडलाय, न्हाईतर बाधा हाय.
रात्री वर गाडी नसताना वजन येतंय."
किती येतंय?
"एक. मग दोन. मग तीन."
टन?
"काय म्हाईत. भायेरच्या पाटीवर, लाल आकडं.
सातला थांबतंय. चारी रात्री सातलाच.
मी चप्पल काढून हुबा राहिलो."

मी त्यांना खुर्ची दिली आणि कोडची फाइल उघडली.
पोर्टाचा पत्ता. सुरुवातीला तीन हवा होता,
मी दोन लिहिला होता.
म्हणजे दुसरा पोर्ट. दुसऱ्या पोर्टाची वायर
भिंतीतल्या भोकातून बाहेर जाते,
ड्रायव्हरला वजन दिसावं म्हणून खांबावर लावलेल्या पाटीला.
पाटीला अक्षरओळख नाही, आकडे तेवढे कळतात,
म्हणून "इथं" गळून गेलं
आणि एक, दोन, तीन उरलं.

ती रोज बोलत होती तर.
मी आत तिच्या तोंडाशी कान लावून बसलेली
आणि ती माझ्या पाठीमागं, रस्त्याकडं वळून,
बंद गाळ्यांना सांगत होती.

पण सात का?
आठव्या टप्प्यापासून मी तिला शिस्त लावलेली,
समोरचा "तयार" म्हणेपर्यंत पुढचं अक्षर टाकायचं नाही.
पाटी कुणाला काय म्हणणार?
तिनं जन्मभर नुसतं दाखवलंय, विचारलंय कुणी कधी?
तेव्हा अंकली मेली नव्हती.
सातावर उभी होती, चौघींसारखी, 
आत येऊ का म्हणत.

दोनाचे तीन केले.
वाट किती पाहायची त्यालाही मर्यादा घातली,
हे आधीच करायला हवं होतं.
त्या रात्री आण्णांना केबिनमध्ये बोलावलं.
लॅपटॉपवर ओळी उतरल्या, इथं ७, इथं ८, इथं ९.
बारावर दुसरंच काहीतरी फुटलं, ते वेगळं.

आण्णांनी पाहिलं, मान हलवली, बाहेर गेले.
थोड्या वेळानं खिडकीतून म्हणाले,
"पाटी काळीच हाय आज."
मी म्हटलं, सुटला ना प्रश्न.
"व्हय," म्हणाले,
आणि तरीही टॉर्च मारून
काट्यावर कुणी नाही ना, ते बघून घेतलं.