अळणी

बांबोळीत आज अकरावा दिवस.
वॉर्डात सगळ्या आया, मी एकटा बाप.
हिची आई घरी, वीस दिवसांच्या धाकट्यापाशी,
फोनवर एवढेच विचारते, सू किती झाली?
मी मिलिलिटरमध्ये सांगतो.
गेल्या साली विचारायची, मीठ किती झाले,
तेव्हा टोपल्यांत सांगायचो.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर मूत्रपिंड काढून दाखवले.
चाळणीची भोके मोठी झालीत, म्हणाल्या,
राहायला हवे तेच वाहून जाते.
मी मान डोलावली.
आगरवाड्यात जन्म गेला, मला कळते ते.
मानशीची फळी कुजली
की एका रात्रीत खाडी कुठवर येते
ते कंबरभर पाण्यात उभे राहून पाहिलेय.
फक्त तिथे चिखल आणि पेंढा घेऊन
मी स्वतः उतरतो.

"मीठ पूर्ण बंद."
मग केसपेपर बघत, "वडील काय करता?"
म्हटले, मिठागर.
कुणी हसले नाही.
सिस्टर एर्मेलिंडाने पेन तेवढे खाली ठेवले.

सकाळी सानिशाचे डोळे उघडत नाहीत,
पापण्या पोदेराच्या उंड्यासारख्या फुगलेल्या.
ओल्या कापसाने हळूहळू वाट करतो
तेव्हा आत सापडते ती, सहा वर्षांची,
चिडलेली,
पेज नको म्हणणारी.
खरेच चव नाही त्या पेजेला.
मीही तीच खातो, तिच्यासमोर.
पलीकडच्या खाटेवरून लोणच्याचा वास आला
की दोघे खिडकीकडे तोंड करतो.
खाली हायवे, आणि फुलांच्या खुरसाकडे
हार घेऊन निघालेली माणसे.
मीही गेलो एकदा. झेंडूचा हार, चाळीस रुपये.
काय मागावे ते नीट जमले नाही,
"दोन प्लस तरी," असे काहीतरी बोललो.

कारण रोज सकाळी नळीत सू तापवतात
आणि पांढरे चढत येते.
आयुष्यभर पांढऱ्याची वाट पाहिलेला माणूस मी.
उन्हात तवंग धरला, कडेला पहिला खडा बसला
की माझा बापूस आगराला हात जोडायचा.
इथे मी नळीला म्हणतो, बसू नको.
नितळ राहा गे.
तीन प्लस, सिस्टर लिहिते.

काल पुरसोचा फोन. शेवटचे मीठ पिकलेय,
आभाळाचे लक्षण बरे नाही, ओढायला ये.
म्हटले, तू ओढ, अर्धे तुझे.
तो म्हणाला, ते राहू दे, पोर कशी आहे?
वजन उतरतेय, मी म्हटले.
तो गप्पच झाला.
अरे, पाणी उतरतेय, ओहोटी लागलीय, ओहोटी!
तेव्हा कुठे श्वास ऐकू आला त्याचा.

रात्री पंखा बंद पडला.
खाटेच्या दांडीवर डोके टेकून डोळा लागला होता,
जाग आली ती कोपराशी काहीतरी ओले लागून.
सानिशा माझा हात चाटत होती,
वासरू चाटते तशी,
डोळे मिटून.
"बाबा, तू बरा लागतोस."

हात लगेच ओढून घेतला नाही मी.
घ्यायला हवा होता.
मग उठलो, बेसिनपाशी जाऊन
खांद्यापर्यंत धुतले, साबणाने, दोनदा,
आणि परत आलो तर ती झोपली होती,
जीभ जरा बाहेर.

सकाळी डॉक्टरीणबाईंना विचारणार होतो,
घामातले धरतात का हिशेबात.
त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

वहीत, पोटात गेलेल्याच्या रकान्यात,
पेज अर्धी वाटी आणि पाणी दोन घोट यांच्या मधे
मी लिहून ठेवलेय:
बाप, सात वेळा.