पाव इंच

सुलक्षणा म्हणाली, मामा, चला एकदा,
जन्मभर चौकटी केल्या, आत काय असतं तेही बघा.
म्हणून सेलूहून पहाटेची गाडी.
दुकानाच्या फळीवर खडूनं : उद्या या.
खिशात सवयीनं टेप.

पहिलं दालन तिच्या कॉलेजचं.
पायऱ्यांवर पोरं, चहाच्या कपांना निळ्या बोटांचे ठसे.
मी चित्रं बघितली नाहीत, खरं सांगतो.
कोपरे बघितले.
पट्टीला पट्टी नीट भिडली तर मधे नख जात नाही,
इथं पोस्टकार्ड गेलं असतं.
एका चौकटीला आठ चुका लागतात
(बारीक खिळ्याला आमच्यात चूक म्हणतात),
यांनी पाचावर भागवलं होतं.
एक घोडा डावीकडं कलला होता. मी सरळ केला.
रखवालदार धावत आला, ओ काका, हात नका लावू!
तोवर घोडा उभा राहिला होता.

दुसरं समर्थनगरात, दाताच्या दवाखान्याच्या वर.
जिन्यात लवंगेच्या तेलाचा वास,
वर एसी, आणि एक बाई इतकं हळू बोलायली
जसं आतल्या खोलीत कुणी आजारी निजलंय.
भिंतभर पांढरं. नुसतं पांढरं.
मी म्हणालो, तो लाल ठिपका तेवढा बरा काढलाय.
सुलक्षणा म्हणाली, मामा, तो चित्रात नाही, चिठ्ठीवर आहे.
म्हणजे विकलं गेलं.

गुलमंडीत इम्रती खाल्ली.
पाक शर्टावर, खिशात, टेपवर.

तिसरं शहागंजाच्या अलीकडं, सरकीच्या जुन्या गोदामात.
भूमचा एक पोरगा, वैजिनाथ, स्टुलावर एकटाच.
त्यानं भिंत काढली होती.
पोपटी डिस्टेंपर, चुलीच्या धुरानं मळलेला,
आणि मधोमध एक चौकोन, कोराकरकरीत पोपटी.
वर एक गंजका खिळा.

मी म्हणालो, पंधरा बाय बारा. आडवा. जोडीचा फोटो.
तो उठून उभा राहिला. तुम्हाला कसं कळलं?
आडवा जोडीचाच असतो, बाळा.
आजी-आजोबांचा होता, म्हणला. वाटणीत थोरल्या चुलत्यानं नेला.
अख्खा?
अख्खाच. अर्धा कसा नेतील?

मी काही बोललो नाही.

तेवीस वर्षं झाली. दोघं भाऊ आले होते दुकानात,
एकमेकांशी नाही, माझ्याशी बोलत होते.
याच्या दोन करा.
म्हातारीचा हात म्हाताऱ्याच्या खांद्यावर होता.
पट्टी ठेवली, पातं लावलं.
हिरव्या बांगड्या इकडं राहिल्या, चार बोटं तिकडं.
वाईट दिसत होतं, म्हणून बोटांवर माउंट घेतला,
पाव इंच. झाकली गेली.
सोळा चुका ठोकल्या, मोजून.
दोघांनी पैसे वेगवेगळे दिले, सुट्टेसुद्धा.
काम चोख झालं, म्हणले.
मलाही तसंच वाटलं होतं तेव्हा.

वैजिनाथला विचारलं, याला फ्रेम का नाही केली?
सर म्हणले, आता असंच चालतं.
सांगून टाकलं मी, राहू दे असंच.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा
गिऱ्हाईक परत लावलं.

स्टेशनवर सुलक्षणानं विचारलं,
मामा, सगळ्यात काय आवडलं?
घोडा, म्हणालो.
ती हसली. डब्यात पाण्याची बाटली सरकवून गेली.

परतूर येईस्तोवर टेप ओढत बसलो.
उद्या सरपंचाच्या सत्काराचे दोन फोटो,
एका पोरीचं टायपिंगचं सर्टिफिकेट, एक गजानन महाराज.
पाकानं टेप चिकटली होती,
ओढली की सुरुवातीलाच अडायची.
समोरच्या बाईनं विचारलं, काय मोजायलात हो?