थपडेचा आवाज

चेंदणी कोळीवाड्यात, गणपतीच्या मांडवात
दिगू केणी दारुडा सासरा व्हायचा, मी जावई.
थप्पड त्याची, आवाज माझा:
तोंड फिरवता फिरवता पाठीमागे टाळी वाजवायचो.
मांडव खुर्च्यांसकट हसायचा.
पाकिटात चाळीस रुपये, त्यातले पंधरा माझे.

आता कोलशेतच्या शेडमध्ये
तो मालिकेतला करारी बाप.
आठवड्यातून दोनदा लेकीला घराबाहेर काढतो.
परवा डबा घेऊन गेलो, बोंबलाचा.
शॉट चालू. दिगूने हात उगारला,
आणि दिव्यांमागे, अंधारात
माझ्या हातांनी
टाळी वाजवली.

"कट! कोण आहे रे तिकडे?"

दिगूला हसू आवरेना.
डोळ्यांतलं ग्लिसरीन गालावरून ओघळत होतं
आणि तो म्हणत होता, पंधरा रुपये द्या त्याला.