त्रेचाळिसाव्या पानावरची ओळ

रोहण्याच्या बाजारपट्टीत, तेलघाणीला लागून
चिंधूजी नेवारेंचा छापखाना. पायाचं मशीन एक,
खिळ्यांच्या दोन केस, रॉकेलनं पुसलेल्या.
शंकरपटाची हँडबिलं, जिनिंगच्या पावत्या, तेरवीची कार्डं.
पुस्तक असं एकच लागलं तिथं:
उमाठे मास्तरांचं, धुऱ्यावरच्या गवतांचं.

शाळा सुटली की मी लोहचुंबक घेऊन हजर,
सांडलेले खिळे उचलायला.
"शिसं हाय लेका," चिंधूजी हसत,
"थे कोनाच्या ओढीनं येत नाही."

हा पोटफोड्या, हा शेंडीफोड्या,
हा पाय मोडलेला, याले जोडीदार पाह्यजे.
आन् मात्रा वैदूची असो का आपली,
जास्त झाली का बिघडते.

नागपूरच्या फाउंड्रीचा माणूस वर्षातून एकदा यायचा,
चहासोबत शब्दांची मुळं सांगायचा.
गॅली म्हणजे मुळात वल्ह्यांचं जहाज, म्हणाला.
चिंधूजींनी वर्धा नदीहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं.
तेव्हापासून जुळलेला मजकूर उचलला की ओरडायचे,
"सरका बे, जहाज येऊन रायलं!"

त्याच माणसानं गवतांचं प्रूफ चाळलं
आणि त्रेचाळिसाव्या पानाच्या माथ्यावर बोट ठेवलं.
परिच्छेद मागच्या पानावर जवळजवळ संपलेला,
शेवटचे तीन शब्द तेवढे इकडे.
"इंग्रजीत हिला विधवा म्हणतात. पानावर ठेवू नये.
एखादा शब्द खा, मागं ओढून घ्या."

कौतिकाबाई छापून झालेले खिळे
ज्याच्या त्याच्या घरात सोडत होत्या.
चिंधूजींची बहीण. सव्विसाव्या वर्षी माहेरी आलेली.
हात थांबला नाही.
"काऊन? तिच्यानं पानाले का होते?"

तेलघाणी कुरकुरत राहिली.
फाउंड्रीच्या माणसानं भरलेल्या बशीत
आणखी चहा ओतला.
चिंधूजींनी चिमटा उचलला, ठेवला,
आणि पानाभोवती दोरी आवळली, आहे तशीच.

आता मी पुण्यात पडद्यावर पुस्तकं लावतो.
अशी ओळ दिसली की यंत्र आपणहून मागं ओढतं,
कोणाला विचारत नाही.
मी ते बंद करून ठेवतो. प्रकाशक ओरडला की
चालू करतो.

मास्तरांचं पुस्तक आहे माझ्याकडे, वाळवीनं कोपरा खाल्लेलं.
पान त्रेचाळीस, कुसळीचं वर्णन, अगदी वर,
शाई जरा जास्त लागलेली:
गुरं शिवत नाहीत.
आणि पुढे ओळभर कोरा कागद.