साडेसात इंच

माझ्या पर्समध्ये कंगवा नसेल एखाद वेळी,
टेप असतो.
पोलादी, पिवळा, बोट सुटलं की सटकन आत पळणारा.

महाद्वार रोडवर मी पायऱ्या मोजते.
बांगड्यांचं दुकान : पाच.
झेरॉक्सवाला : नऊ, वर फरशी निसटती.
मिसळीच्या हॉटेलात पायरीच नाही,
पण टेबलं अशी दाटीनं
की चाक आत गेलं तर कट बाहेर.
पोरगं म्हणतं, "ताई, पार्सल देऊ?"
पार्सल.
अकरा वर्षं या गावाचा रस्सा
मी पिशवीचं रबर सोडवून खाल्लाय.

सातपुत्यांचं चपलांचं दुकान : साडेसात.
बाहेरून हाक मारली.
मामा दाराशी आले, माझ्याकडं बघितलं,
मग चाकांकडं, मग पायांकडं,
आणि ओठांवर आलेलं गिळलं.
मीच म्हटलं, "व्हय मामा, मलाच. सहा नंबर. गोंड्याची."
त्यांनी सगळे जोड आणून रस्त्यावर मांडले.
रिक्षा अडली, बघे जमले,
देवळाकडं निघालेली एक बाई
मलाच हात जोडून गेली.
"बाकीच्यांना आत बसवता," मी म्हटलं, "आरशासमोर.
मलाबी आरसा पाहिजे."
"मग उचलून घेऊ का? तालमीतली चार पोरं हायत."
"पोरांना ऱ्हाऊ द्या.
पायरी तेवढी उचला."

उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रीकडं
चेकर प्लेट पडली होती गंजत.
इंचाला फूट, असा हिशेब मी सांगितला.
"साडेसात फूट? अर्धा रस्ता खाईल की!"
"मग मोटरसायकली काय उपाशी उभ्या असत्यात?"
तो हसला. मधे बिजागरी टाकली,
घडी होईल अशी.

आता ती फळी सातपुत्यांच्या दारात असते.
तिच्यावरून मालाची खोकी चढतात,
बाबागाडी चढते, गुडघे धरून एक मास्तर चढतात,
दुपारी तिच्यावर कुत्रं झोपतं, त्याला उठवावं लागतं.
मामा कधी तिला आतच विसरतात.
मग मी ओरडते. अख्खी गुजरी ऐकते.

आरशात बघितलं :
फूटरेस्टवर दोन पाय, तेल प्यालेलं कातडं, लाल गोंडे.
ही चप्पल करकरणार नाही.
टाच झिजायची नाही.
"जन्मभर जाईल," मामा म्हणाले,
आणि एकदम गप्प झाले.
मग आम्ही दोघंही हसलो, जरा उशिरा.

शेजारचं दागिन्यांचं दुकान : अकरा.
वर काचेचं दार, आतून ढकलायचं.
मी टेप पुन्हा एकदा लावून बघते.
अकराच.