परत आल्याची तारीख

शनिवारी चार ते सात.
शटर अर्धंच वर करायचं, असं आगटे काकांनी सांगून ठेवलंय.
पूर्ण उघडलं की लोकांना दुकान वाटतं
आणि ते भाव विचारतात.

भाव नाही, अनामत आहे.
वॉकरला तीनशे, कमोडच्या खुर्चीला पाचशे,
हवेची गादी, पंपासकट, आठशे.
नसतील तर आधार कार्डाची झेरॉक्स.
तीही नसेल तर काका चष्मा कपाळावर सरकवतात,
माणसाकडे नुसते बघतात
आणि मला म्हणतात, लिही.

चार वर्षांपूर्वी याच क्लबच्या सभेत,
डेक्कनवरच्या हॉटेलात, पितळी घंटेशेजारी
मी उभी होते.
माझ्या खांद्याला लागेल एवढा पुठ्ठ्याचा चेक,
एक टोक माझ्या हातात, दुसरं अध्यक्षबाईंच्या.
फोटोवाला म्हणाला, ताई, जरा हसा की.
हसले.
अठरा हजार, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची फी.
मनात एवढंच होतं की हा फोटो वस्तीत कुणी बघू नये.
आईनं तो फ्रेम करून टीव्हीवर ठेवलाय.

खरा चेक लहान होता.
काकांनी तो जिन्यात, समोशांच्या वासात,
घडी न घालता पाकिटातून दिला
आणि विचारलं, शनिवारी मोकळी असतेस का?

मला वाटलं, हं, हे व्याज.

वहीत सहा रकाने. क्रमांक, वस्तू, नाव, पत्ता,
नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख.
मी म्हटलं, काका, सातवा आखू? परत का आली ते लिहायला?
म्हणाले, जागा नाही.
जागा होती. मी पट्टीनं मोजली होती.

वॉकर नंबर सात
कसबा पेठेतल्या रासनेबाईंनी स्वतः आणून दिला,
काखोटीला मारून, तरातरा चालत, वर पेढे.
नंतर तोच धानोरीला गेला. अकरा दिवसांत मुलगा घेऊन आला,
साबणानं घासून लख्ख केलेला.
अनामत न घेताच निघून गेला.
वहीत दोन्ही ओळी सारख्या दिसतात.
डावीकडचं रबर जास्त झिजलंय.
सगळ्यांचा भार डावीकडेच पडत होता,
की एकाच कुणाचा, फार दिवस?

रविवारी कॉलेजची पोरं येतात. क्लबची तरुण शाखा म्हणे.
निम्मी सर्टिफिकेटसाठी येतात, हे काकांनाही माहीत आहे.
पण कोंढव्याचा सरफराज
सायकलच्या तारा वाकवून व्हीलचेअरचं चाक असं सरळ करतो
की बाकीची रील बनवायचं विसरतात.
दरड कोसळली त्या आठवड्यात
याच पोरांनी दोनशे घोंगड्या मोजल्या, बांधल्या,
टेम्पोत चढवल्या आणि पहाटे तीनला
शटरसमोरच्या पायरीवर एकमेकांवर डोकी टाकून झोपली.
त्याचा फोटो कुणी काढला नाही.

जूनमध्ये काका सात नंबर न्यायला आले.
काकूंसाठी.
तीनशे रुपये मोजून टेबलावर ठेवले.
मी म्हटलं, काका, तुमच्याकडून कसले?
चष्मा कपाळावर.
लिही.

तो रकाना अजून कोरा आहे.
मी रोज त्या पानावरून पुढे जाते,
तिथं तारीख पडावी असं वाटतं, आणि पडू नये असंही.

काका सभेला येत नाहीत. म्हणून परवा
चेकचं दुसरं टोक माझ्याकडे आलं.
पुठ्ठा तोच, वर नव्या नावाची चिकटपट्टी.
कोपरा सुटला होता,
आणि खाली माझं आडनाव, पुसट.
पोरगा, अथर्व घोडके, तळजाईच्या पायथ्याचा,
हसायला सांगितलं तरी हसला नाही.
मला तो आवडला.
खरा चेक मी त्याला जिन्यात दिला.
शनिवारचं विचारायचं राहून गेलं.
म्हणजे, विचारलं नाही.

साडेचार. शटर अर्धं वर.
खालून कुणाचे तरी पाय दिसतायत,
एकात चप्पल, एकाला प्लास्टर.
वाकता येत नसणार.

मी उठून शटर पूर्ण वर करते.