आडनाव चिप्पा

नाव पुकारलं तशी रांगच हसली,
'चिप्पाला चिप!'
मीही हसले.
डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, मऊ जागी,
सुईने तांदळाएवढं काहीतरी आत सोडलं.
कंपाउंडर म्हणाला, मुंगी चावल्यासारखं वाटेल.
मुंगी चावून निघून जाते की ओ.

त्याआधी अंगठ्याचं मशीन होतं.
पण आमच्या पेठेत अंगठे उरलेत कुठे?
अम्माचा विड्या वळून गेला,
माझा टॉवेलांच्या गाठी सोडवून.
रेशनच्या दुकानात अम्मा बोटाला लिंबू चोळून जायची,
तरी ते म्हणायचंच, पुन्हा प्रयत्न करा.
मग साहेबांना सुचलं,
झिजणार नाही असं काहीतरी आतच ठेवू.

मी तेलुगूत रडते, मराठीत वाचते,
कन्नडात भांडते.
सहीचा कागद चौथ्याच भाषेत होता.

मे महिन्यात अक्कलकोट रोडचं डांबर चपलेला येतं.
गेटवर हात धरला, पेटी गप्प.
पुन्हा धरला. पदराने पुसून धरला.
नबीलाल वॉचमन अकरा वर्षं माझ्या डब्यातली
शेंगाचटणी खातोय.
म्हणाला, मी ओळखतो बाई तुला,
पण माझं ओळखणं चालत नाही आता.
अर्धा दिवस गेला.

आणि नको तिथे मात्र सगळं वाचते ती पेटी.
सुपरवायझर पोरगा, मिशीही नीट फुटली नाही त्याला,
कागद बघत विचारतो,
मावशी, संडासला चार वेळा? तब्येत बरी आहे ना?
चौघीजणी ऐकत होत्या.
मी टॉवेलची घडी मोडली, परत घातली.

अम्मा गेली त्या दिवशी मी स्मशानात होते.
महिनाअखेरीला चिठ्ठी आली,
त्या तारखेला मी सात नंबरच्या टेबलावर हजर,
आठ तास, वर ओव्हरटाइम दोन.
कोण होती ती? माझा हात घेऊन
कोण बसली होती तिथे?
विचारायला हवं होतं.
दहाव्याचा खर्च समोर होता.
पैसे घेतले.
आता कुठल्या तोंडाने सांगू, तुमचं मशीन खोटं बोलतं?

अम्माच्या मनगटावर गड्ड्याच्या जत्रेत गोंदलेलं
तिचं नाव होतं, एक अक्षर चुकलेलं.
ते कुणाला काही कळवत नव्हतं.
तिच्याबरोबर जळून गेलं.

रात्री गच्चीवर गार वारं नसतं, नुसतं अंथरूण असतं.
उजव्या अंगठ्याने चाचपते.
दाणा कातडीखाली सरकतो,
जरा इकडे, जरा मनगटाकडे.
अंबादास कूस बदलतो,
काय करालीस गं?

काही नाही. गाठ आहे.
सुटते का बघालेय.